पाच हजार रुपये आणि डोंगरी सायकल



आमच्या शनिवार पेठेत अजूनही पहाट उगवते ती फ्रीव्हीलच्या टिकटिकीने. ओंकारेश्वराकडून रमणबागेच्या बाजूला येणाऱ्या गल्ल्यांतून वर्तमानपत्रे टाकणारी मुले सहाच्या आत फेरी संपवून घरी परतलेली असतात. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. ते दिवस गेले, रस्ते स्कूटर-मोटारींनी भरले. पण नव्या पिढीत सायकल पुन्हा दिसू लागली आहे, आणि ती बहुधा जाड टायरची, गिअरची, पुढे स्प्रिंग असलेली अशी डोंगरी सायकल असते.

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा आहे. वर्षभर पेपर टाकून त्याने पाच हजार रुपये साठविले. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेली डोंगरी सायकल आहे. एका रविवारी तो हातात कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर यादी होती : हवेच्या दाबावर चालणारा पुढचा चिमटा, ॲल्युमिनियमचे हलके हँडल, हलका सीटचा दांडा, आणि रुंद पायडल.

“काका, यातले आधी काय घेऊ? तीन आठवड्यांनी आम्ही सगळे सिंहगडावर जाणार आहोत. मागच्या खेपेला मी सगळ्यांत शेवटी पोहोचलो.”

त्याचे वडील मागोमाग आलेच होते. ते म्हणाले, “आणि उतरताना ब्रेक लागेना म्हणून बूट घासत खाली आलास, तेही सांग काकांना. ब्रेक नीट झाल्याशिवाय गडाचे नाव काढायचे नाही.”

मुलाने मान खाली घातली. मी म्हटले, “यादी राहू दे बाजूला. आधी सायकलला विचारू, तिला काय हवे ते.” सायकलला विचारायचे म्हणजे मोजमाप करायचे. ते आम्ही कसे केले ते तुम्हांला सांगतो. तुमच्याकडे अशी सायकल असेल तर तुम्हांलाही ते करता येईल.

ही सायकल आली कोठून?

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या वाटांवरून खाली येत असत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतरणीवर १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. त्या उतरणीचे नाव ‘रिपॅक’ पडले. त्यांच्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. तीनएक किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर खाली येताना तो हब इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला रिपॅक म्हणतात, म्हणून हे नाव.

१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नव्या फ्रेम बनविल्या. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी डोंगरी सायकल बाजारात आली आणि मग हा प्रकार जगभर पसरला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला.

ज्या डोंगरी सायकलला फक्त पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असते आणि मागचा भाग ताठ असतो तिला ‘हार्डटेल’ म्हणतात, म्हणजे ताठ शेपटीची. भाग कमी, म्हणून किंमत कमी आणि बिघाडही कमी. आपल्याकडे विद्यार्थ्याला परवडणारी डोंगरी सायकल बहुधा हीच असते.

दम जातो कोठे?

सायकल चालविताना आपण तीन गोष्टींशी झगडतो : रस्ता, हवा आणि चढ. या तिघांचा वाटा किती हे कळल्याशिवाय पैसे कोठे घालावेत हे कळणार नाही.

आमचा स्वार ५५ किलोचा, सायकल १५ किलोची. मिळून ७० किलो. त्यांचे वजन सुमारे ६८६ न्यूटन. शेजारच्या एका मैदानाच्या तोंडाशी छोटा उतार आहे. टेपने आणि पाण्याच्या नळीने मोजल्यावर त्याची उंची बरोबर अर्धा मीटर भरली. मुलाने उताराच्या माथ्यावरून, पायडल न मारता, सायकल सोडायची आणि ती सपाट जमिनीवर किती लांब जाऊन थांबते ते मोजायचे, एवढाच प्रयोग.

माथ्यावर स्वाराजवळ ६८६ × ०.५ = ३४३ जूल स्थितिज ऊर्जा आहे. ती सगळी रस्ता आणि हवा यांनी खाल्ली की सायकल थांबते. म्हणून ३४३ ला अंतराने भागले की सरासरी रोध न्यूटनमध्ये मिळतो.

सायकल जशी आणली तशी पहिली फेरी घेतली. टायरमध्ये हवेचा दाब २५ पौंड होता. (चौरस इंचाला पौंड हे माप आपल्या हवा भरणाऱ्यांच्या तोंडी आहे, म्हणून येथेही तेच ठेवतो.) अंतर भरले ३१ मीटर. मग पंप आणून दाब ४५ पौंड केला. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या आतच हे होते. आता अंतर भरले ३८ मीटर! एक पैसाही खर्च न करता सायकल सात मीटर पुढे गेली.

असे का व्हावे? टायर जमिनीला टेकतो तेथे तो चपटा होतो. ४० पौंड म्हणजे चौरस मीटरला सुमारे २,७६,००० न्यूटन. ६८६ ला या संख्येने भागा : उत्तर सुमारे २५ चौरस सेंटिमीटर येईल. म्हणजे तुमचा सगळा भार दोन टायरांच्या मिळून एवढ्याशाच जागेवर टेकलेला असतो. एका टायरच्या वाट्याला आगपेटीहूनही लहान तुकडा. दाब निम्मा केला तर हा तुकडा दुप्पट होतो, टायर अधिक चेपतो. चाक फिरताना रबराचा प्रत्येक भाग चेपतो आणि पुन्हा फुगतो. रबर चेपायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते फुगताना परत करीत नाही. रबरी चेंडू टाकल्या उंचीपर्यंत परत उडत नाही, त्यातलाच हा प्रकार. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. १८८८ मध्ये डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसविला तेव्हापासून हवा आपले हादरे झेलते आहे. पण ती पुरेशी भरलेली असेल तरच रस्ता कमी कर घेतो.

मुलाच्या सायकलचे टायर उंच गाठींचे होते. अशा गाठी मातीत रुततात आणि पकड देतात. डांबरी रस्त्यावर मात्र त्या नुसत्या वाकत आणि सरळ होत राहतात. त्याचे नव्वद टक्के फिरणे डांबरी रस्त्यावर, उरलेले तळजाईच्या टेकडीवर. त्याला मधोमध गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही कडांना गाठी असलेले टायर योग्य. पुढे असे टायर घातल्यावर त्याच उतारावरून सायकल ५२ मीटर गेली.

हवेचा वाटा गणिताने वगळला, तर जुन्या टायरचा रस्त्यावरील रोध सुमारे ८ न्यूटन आणि नव्याचा सुमारे ५ न्यूटन येतो. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, वेगाने सपाटीवर जाताना हवेचा रोध ५ न्यूटनांहून थोडा जास्त असतो. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. जुन्या टायरवर रस्त्याला ३४ वॉट आणि हवेला २२ वॉट, एकूण ५६ वॉट लागत होते. नव्यावर २१ आणि २२, एकूण ४३ वॉट. जवळजवळ पाव भाग कष्ट वाचले.

हलके हँडल की हलकी बाटली?

आता यादीतल्या हलक्या भागांकडे वळू. हँडल आणि सीटचा दांडा दोन्ही बदलून सुमारे ४०० ग्रॅम वाचणार होते. घाटाचा चढ शंभराला आठ धरू. म्हणजे शंभर मीटर रस्ता चालून गेले की आठ मीटर उंची मिळते. अशा चढावर वजनाच्या आठ टक्के बल आपल्याला मागे ओढते : ६८६ × ०.०८ = ५५ न्यूटन. त्यात रस्त्याचे ८ मिळवले की ६३ न्यूटन. चढावर वेग कमी असल्याने हवेचा विचार सोडून देऊ.

एकूण ७० किलोला ६३ न्यूटन, तर एका किलोला ०.९ न्यूटन. म्हणजे ४०० ग्रॅम कमी केले तर वाचले फक्त ०.३६ न्यूटन. टायर बदलल्याने मात्र ३ न्यूटन वाचतात, म्हणजे सायकल तीन किलोंहून अधिक हलकी केल्यासारखेच! आणि हे चढावर, जेथे वजनाचे महत्त्व सर्वांत जास्त.

मी मुलाला विचारले, “गडावर जाताना बरोबर पाणी किती घेतोस?” तो म्हणाला, “दोन लिटर.” दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. वाटेत जेथे पाणी मिळते तेथे बाटली पुन्हा भरायची ठरविली, तर एक किलो वजन फुकटात उतरते. तहान मात्र मारू नये; उन्हाळ्यात पाणी कमी करणे ही बचत नव्हे.

एकवीस गिअर खरेच एकवीस असतात का?

त्याच्या सायकलला पुढे तीन दातेरी चक्रे आहेत : ४२, ३४ आणि २४ दात्यांची. मागे सात : १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ दात्यांची. तीन साते एकवीस, म्हणून दुकानदार ‘एकवीस गिअर’ म्हणतो. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की गिअरचे गुणोत्तर मिळते. आता गंमत पाहा. ४२ ला २८ ने भागले तर १.५, २४ ला १६ ने भागले तरी १.५! तसेच ३४ भागिले २८ म्हणजे १.२१, आणि २४ भागिले २० म्हणजे १.२. अशा जवळजवळ सारख्या जोड्या कितीतरी निघतात. खरे वेगळे गिअर बारा-तेराच्या पुढे जात नाहीत. तेव्हा सत्तावीस गिअरची सायकल एकवीसपेक्षा चांगली असेलच असे नाही. पाहायची असतात ती दोन टोके : सर्वांत मोठे गुणोत्तर आणि सर्वांत लहान.

याचा पायावर काय परिणाम होतो? चाकाची त्रिज्या सुमारे ३४.५ सेंटिमीटर आणि पायडलच्या दांड्याची लांबी १७ सेंटिमीटर. पहिली दुसरीच्या दुप्पट. म्हणून पायडलवरचे सरासरी बल काढण्याचा सोपा नियम असा : रस्त्यावर लागणारे बल × २ × गिअरचे गुणोत्तर.

सर्वांत जड गिअरचे गुणोत्तर ४२ भागिले १४ म्हणजे ३. चढावर ६३ × २ × ३ = ३७८ न्यूटन. हे झाले सरासरी. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर वाया जातो, त्यामुळे मधल्या जागी दीडपटीहून अधिक, सुमारे ६०० न्यूटन लावावे लागतील. म्हणजे ६० किलोंचे वजन! आपला स्वार ५५ किलोचा. तो पायडलवर उभा राहिला तरी सायकल हलणार नाही. सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. त्यात सरासरी बल होते १०८ न्यूटन.

मागच्या चक्रांचा संच बदलून सर्वांत मोठे चक्र ३४ दात्यांचे घेतले, तर गुणोत्तर ०.७१ होते आणि बल ८९ न्यूटन. पायावरचा भार सुमारे अठरा टक्के कमी! हा संच काही शे रुपयांत मिळतो. घेण्यापूर्वी एवढेच विचारावे, की साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा हात एवढ्या मोठ्या चक्राला पुरेल का आणि साखळी लांबीला पुरेल का.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. पायडलच्या एका फेऱ्यात पूर्वी सायकल १.८६ मीटर पुढे जाई, आता १.५३ मीटरच जाते. बल कमी, अंतर जास्त, कार्य तेवढेच. मिनिटाला साठ फेरे धरले तर वेग ताशी ६.७ किलोमीटरवरून ५.५ वर येतो. नवा गिअर तुम्हांला लवकर पोहोचवीत नाही. तो तुम्हांला खाली उतरून सायकल ढकलावी लागणार नाही एवढे पाहतो. मागे पडलेल्या मुलाला हवे होते ते हेच. तो मागच्या खेपेला चार ठिकाणी उतरून चालला होता.

उतार

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. खरे तर सुरुवात येथूनच करायला हवी होती.

मी स्वतः कॉलेजात असताना वडिलांची जुनी काळी सायकल घेऊन पावसाळ्यात सिंहगडाच्या घाटात गेलो होतो. तिला पोलादी रिमवर रबर घासणारे, दांड्यांचे ब्रेक. ओल्या पोलादावर रबराची पकड किती कमी होते हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते, पण वळणावर ब्रेक दाबला आणि सायकल जशी चालली होती तशीच चालत राहिली तेव्हा ते कळले. रस्त्याकडेच्या चरात पडलो म्हणून वाचलो. कोपरावरची खूण अजून आहे.

गडाच्या रस्त्याचा चढ सुमारे सहाशे मीटर धरू. वर पोहोचलेल्या स्वाराजवळ ६८६ × ६०० म्हणजे चार लाखांहून अधिक जूल स्थितिज ऊर्जा साठलेली असते. खाली येऊन थांबेपर्यंत ही सगळी कोठे तरी जायला हवी. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास ठेवला, तर हवा आणि रस्ता मिळून तिसरा हिस्सा घेतात. उरलेले दोन हिस्से, म्हणजे पावणेतीन लाख जूल, ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतात. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळेल! रिपॅकच्या तरुणांचे ग्रीस का जळत असे ते आता ध्यानात येईल.

मुलाच्या सायकलला वायरने चालणारे डिस्क-ब्रेक आहेत. त्या अर्ध्या मीटर उताराच्या पायथ्याशी वेग दर सेकंदाला ३.१ मीटर होतो. त्या रेषेवर दोन्ही ब्रेक दाबायचे आणि अंतर मोजायचे असे आम्ही ठरविले. अंतर आले साडेतीन मीटर. गणित केले तर वेग दर सेकंदाला फक्त १.४ मीटर प्रतिसेकंद एवढाच कमी होत होता. मी चकतीवर बोट फिरविले. बोट तेलकट झाले.

“ब्रेक किरकिर करत होता, म्हणून तेल सोडलं,” मुलगा म्हणाला.

मित्रहो, ही चूक पुष्कळ जण करतात. साखळीला तेल म्हणजे औषध, ब्रेकला तेल म्हणजे विष. साखळीत घर्षण नको असते. ब्रेकमध्ये घर्षणाशिवाय दुसरे काही नकोच असते. ब्रेकपट्टीत तेल मुरले की ती पुसून सुधारत नाही, बदलावी लागते. आम्ही चकती स्पिरिटने स्वच्छ केली, चारही पट्ट्या नव्या घातल्या, गंजलेल्या वायरी बदलल्या. नव्या पट्ट्या मैदानावर वीस-पंचवीस वेळा हळूहळू ब्रेक लावून रुळू दिल्या. मग तोच प्रयोग केला : अंतर १.४ मीटर. म्हणजे वेग आता सेकंदाला ३.५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होत होता.

फरक दोन मीटरांचा, त्यात काय मोठे, असे वाटेल. पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटर वेगाने सपाटीवर जुन्या ब्रेकने २५ मीटर लागतील, नव्याने १०. आता घाटातला उतार घ्या. शंभराला आठच्या उतारावर गुरुत्वाकर्षण तुमचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.८ मीटर प्रतिसेकंदाने वाढवीत असते. ते ब्रेकच्या कामातून वजा होते. जुन्या ब्रेकजवळ उरतात ०.६, नव्याजवळ २.७. थांबण्याची अंतरे येतात जुन्याला ५६ मीटर, नव्याला १३ मीटर. घाटातल्या वळणावर समोरून मोटार येताना दिसते ती कित्येकदा वीस-पंचवीस मीटरांवर. या आकड्यांवर मुलाने स्वतःच दोनदा गणित तपासले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

घाटात ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणापूर्वी दोन्ही मिळून जोराने लावावेत, मग थोडे सोडावेत, म्हणजे चकती निवते. ब्रेक लावताना शरीराचा भार पुढच्या चाकावर सरकतो, म्हणून अंग थोडे मागे न्यावे. फक्त पुढचा ब्रेक कचकन दाबला तर मागचे चाक उचलले जाते.

चिमट्याचा मोह

यादीतली पहिली वस्तू राहिली. हवेच्या दाबाचा चांगला चिमटा त्याच्या सगळ्या पैशांत बसत नव्हताच. शिवाय चिमट्याच्या वरच्या नळीचा आकार फ्रेमच्या तोंडाशी जुळावा लागतो. पदार्थविज्ञान काय म्हणते? स्प्रिंग हादरा साठविते आणि परत देते. तो गिळण्याचे काम आतल्या तेलाच्या दट्ट्याचे असते. स्वस्त चिमट्यात हे काम जेमतेम होते, हे खरे. पण डांबरी घाटात चिमटा चढताना पायाच्या जोराबरोबर वर-खाली डुलतो आणि थोडी ऊर्जा खातो. तो ताठ करण्याचा खटका असेल तर चढावर लावून ठेवावा. रॉकशॉक्सचा पहिला स्प्रिंगदार चिमटा १९८९ साली बाजारात आला; त्याआधी रिपॅकचे वीर ताठ चिमट्यांवरच उतरत होते.

डोक्याचा हिशेब

हेल्मेट यादीत नव्हतेच. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले, तर त्याला थांबायला जेवढे अंतर मिळते त्यावर सारे अवलंबून असते. सोपे सूत्र असे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या किती पट हिसका बसेल ते. उघड्या डोक्याला पाच मिलिमीटर मिळाले असे धरू : १५०० भागिले ५, म्हणजे ३०० पट. हेल्मेटमधला फोम वीस मिलिमीटर चेपला तर ७५ पट. एक चतुर्थांश! फोम एकदा चेपला की त्याचे काम झाले. जोरात आपटलेले हेल्मेट फुटलेले दिसले नाही तरी बदलावे.

शेवटचा हिशेब

पाच हजारांचा हिशेब असा झाला : हेल्मेट १,३००, दाब दाखविणारा उभा पंप ९००, ब्रेकपट्ट्या आणि वायरी ६००, दोन टायर १,५००, ३४ दात्यांचा मागचा संच ७००. दुकानागणिक किमती बदलतील, क्रम मात्र बदलू नये. आधी थांबणे आणि सुरक्षितपणा, मग फुकट होणाऱ्या दुरुस्त्या, मग रस्त्याचा कर, मग गिअर. हलकेपणा आणि शोभा सर्वांत शेवटी.

फुकटची एक दुरुस्ती सांगायची राहिली. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच असावी; मग पुढच्या पंजाने चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. मुलाची सीट दोन वर्षांपूर्वीच्या उंचीवरच होती. मुलगा वाढला होता, सीट नाही.

तीन आठवड्यांनी ही मंडळी पहाटे गडावर गेली. आमचा स्वार पहिला आला नाही. शेवटून तिसरा आला. पण एकदाही पाय टेकला नाही. खाली उतरून त्याने पहिला फोन वडिलांना केला. संध्याकाळी मला भेटला तेव्हा म्हणाला, “काका, एका वळणावर समोर गाय उभी होती. थांबलो. अंतर मोजायचं राहिलं.”

करून पाहा

१. तुमच्या सायकलच्या सर्व गिअरची गुणोत्तरे काढा आणि चढत्या क्रमाने लिहा. खरे वेगळे गिअर किती निघतात?

२. साखळीच्या दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते. सुताराच्या टेपने असे ४८ टप्पे मोजा. नव्या साखळीत ते ६०९.६ मिलिमीटर भरतात. ६१२.६ च्या पुढे गेले असतील तर साखळी बदलायला झाली. नाही तर ती चक्रांचे दाते खाते. साखळी ‘ताणली’ असे म्हणतात, पण पोलाद ताणले जात नाही. मग लांबी कशाने वाढली असेल?

३. मोकळ्या मैदानावर, हेल्मेट घालून आणि मोठ्या माणसाला जवळ उभे करून, वरील उताराचे दोन्ही प्रयोग करा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. चकती किंवा रिम पाण्याने ओली करून थांबण्याचे अंतर पुन्हा मोजा. आलेला आकडा पावसाळा सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवा.